भोंगवलीची पाच-दहाची पॅसेंजर

मी संशयी माणूस आहे. हे कौतुकानं सांगत नाही, पण लपवतही नाही. कापूरहोळच्या फाट्यावर तीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय. या धंद्यात भोळ्या माणसाला दोन वर्षांत शटर ओढावं लागतं. गिऱ्हाईक सांगतं, "आपोआप बंद पडली." आपोआप काही बंद पडत नसतं. "म्या हात पण लावला न्हाई" म्हणणाऱ्याच्याच नखात ग्रीस सापडतं. बायको म्हणते, "तुमाला साक्षात देव भेटला तरी आधी आधार कार्ड मागाल." मागीन. न मागायला काय झालं?

असल्या माणसाला रेल्वेचं वेड लागलं याचं लोकांना नवल वाटतं. मला नाही वाटत. रेल्वेचा कुणावरच विश्वास नसतो, म्हणून तर ती मला आवडते. एका स्टेशनातून गाडी सोडायची तर आधी पुढच्या स्टेशनला विचारायचं, लाइन मोकळी आहे का. पुढचा नुसतं 'हो' म्हणाला तर चालत नाही. त्यानं त्याच्याकडच्या छापील कागदावरचा एक आकडा सांगायचा, तो आपण रजिस्टरात लिहायचा, आणि मगच गाडी हलवायची. याला लाइन क्लिअर म्हणतात. सख्खा भाऊ पुढच्या स्टेशनात बसला असला तरी आकड्याशिवाय गाडी सुटत नाही.

भोर आणि वेल्हे, दोन्ही तालुके पालथे घाला, रुळाचा वीतभर तुकडा सापडायचा नाही. धरणं आहेत, घाट आहेत, हायवे आहे, रेल्वे नाही. तरी आम्ही तिघं रेल्वेवेडे. एक मी. दुसरा भोरमधला टेलर, माझ्याच वयाचा. लहानपणी वडिलांनी त्याला पॅसेंजरनं मिरजेच्या उरुसाला नेलं आणि पोरगं तेव्हापासून कामातून गेलं. तिसरे मास्तर. भोंगवलीचे, शाळेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगी पुण्यात, घरात एकटे. त्यांचे मेहुणे स्टेशनमास्तर होते. तरुणपणी मास्तर सुट्ट्यांमध्ये त्यांच्या क्वार्टरवर जाऊन राहायचे आणि लाइन क्लिअरचा सगळा कारभार शेजारी बसून बघायचे. ते मला मिस्त्री म्हणायचे आणि टेलरला टेलर. आम्हीही एकमेकांना तसंच म्हणायचो. पंचवीस वर्षांत नावं वापरायची वेळ आली नाही.

वर्षातून एकदा आम्ही माझ्या टेम्पोनं नीरेला जायचो. तिथून पॅसेंजर धरायची, आदर्कीच्या घाटातले बोगदे बघायचे, पिठलं-भाकरी खायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. नीरेच्या फलाटावर चहाच्या आधी एक विधी असायचा. मास्तर ताठ उभे राहायचे आणि एका दमात स्टेशनं म्हणायचे: पुणं, घोरपडी, सासवड रोड, फुरसुंगी, आळंदी, शिंदवणे, आंबळे, राजेवाडी, जेजुरी, असं करत थेट साताऱ्यापर्यंत. मध्ये श्वास घेतला की बाद. मी लोणंदच्या पुढं कधी गेलो नाही. मास्क तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता, तरी टेलर वाल्ह्यालाच धापा टाकायचा. सत्तरीचे मास्तर सातारा गाठायचे आणि मग म्हणायचे, "आता चहा सांगा रे, इंजिनात पाणी भरू द्या."

ज्या उन्हाळ्यात सगळं बंद झालं, तेव्हा आमची ही सहलही बुडाली आणि पुण्यातला रेल्वेप्रेमींचा मेळावाही. तिथं मास्तर बोलणार होते. भाषणाची वीस पानं लिहून तयार होती. मोबाईलवर एका ओळीचा निरोप आला, 'पुढील सूचनेपर्यंत रद्द.' भेटायचीही सोय नव्हती. माझ्या बायकोला दमा. मास्तरांचं वय झालेलं. भोर तर दोन्ही बाजूंनी बांबू लावून बंद केलेलं. तेव्हा मास्तरांनीच फोनवर तोडगा काढला.

"आपण आपली लाइन चालू करू," ते म्हणाले.

"कुठली लाइन?"

"भोर ते भोंगवली, मधी कापूरहोळ जंक्शन. तू जंक्शन."

त्यांनी आलेख कागदावर वेळापत्रक काढलं. तीन स्टेशनं, रोज संध्याकाळी पाच गाड्या. प्रत्येकासाठी दोन आकडी नंबरांचे कागद तयार केले, रजिस्टरं आखली आणि भाजीच्या टेम्पोबरोबर आमच्याकडं पाठवली. वेळ झाली की फोन करायचा, लाइन क्लिअर मागायची, नंबर घ्यायचा, वहीत लिहायचा, कागदावरच्या त्या नंबरावर काट मारायची. ठरल्या वेळानं गाडी पोचली की पुन्हा फोन. गाडी अर्थातच कुठं नव्हती. पण चार वाजले की मी हात धुऊन, टूलबॉक्स बाजूला सारून खुर्चीत बसायचो, आणि खरं सांगतो, सहापर्यंत मला रोगाची आठवणही व्हायची नाही.

मास्तरांचे नियम कडक. रजिस्टरात खाडाखोड नाही. चुकलं तर चुकलेलं तसंच ठेवायचं आणि खाली सही करायची. एकदा टेलरनं गाडी तीन मिनिटं उशिरा कळवली आणि वहीत मात्र बरोबर वेळ लिहिली. मास्तरांनी ते बोलण्यातून पकडलं आणि त्या दिवशीच्या उरलेल्या सगळ्या गाड्या रद्द केल्या. "रजिस्टरात खोटं लिहिणारा माणूस एक दिवस गाडीवर गाडी घालतो," असं म्हणून फोन ठेवला. टेलर दुसऱ्या दिवशी माफी मागून मोकळा झाला. मी मनात म्हटलं, म्हातारा वेडा आहे, पण खरा आहे.

आता फाट्यावर माझं दुकान. मी फोन स्पीकरवर ठेवतो, कारण हात कामात असतात. शेजारच्या ढाब्यावर पार्सल न्यायला आलेली माणसं काय ऐकायची? "मालगाडी सोडतोय, नंबर सांगा." "सत्तावीस." "लिहिलं. सत्तावीस." आठ दिवसांत गावभर झालं की मिस्त्री मटक्याचा आकडा घेतोय. पोलीस पाटील आले, स्टुलावर बसले आणि इकडचं तिकडचं बोलून हळूच म्हणाले, "मिस्त्री, लोक काय काय बोलत्यात."

मी रजिस्टर पुढं टाकलं. त्यांनी उलटसुलट करून बघितलं.

"ही रेल्वे कुठं हाय?"

"कागदावर."

"मंग पॅसेंजर कोण?"

"कुणी न्हाई. लॉकडाऊन हाय की."

पाटील पोट धरून हसले, चहा घेतला आणि गेले. मी ती गोष्ट टेलरला रंगवून सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "तुझ्याकडं पाटील चहा पिऊन गेला. माझ्याकडं दोघं पोलीस आले, दारातनंच वही मागून घेऊन गेले. कुणाला फोन करतोस, काय माल पाठवतोस, आकडे कसले. दोन दिस झाले, वही अजून आली न्हाई."

ते दिवस कसले होते, ते आठवून बघा. त्याच्या मोहल्ल्यातल्या माणसांकडं लोक कसं बघत होते, ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. त्याच्याकडं कपडे टाकणं लोकांनी बंद केलं होतं. तो फुकट मास्क शिवून वाटत होता, तर काहींनी तेही परत केले. मी त्याला काय म्हणायला हवं होतं? 'मी येतो, पाटलांना घेऊन येतो, वही सोडवतो.' मी म्हणालो, "दुसरं काय लिहिलं न्हवतंस ना वहीत?"

 तो म्हणाला, "तूबी?"

मी हसण्यावारी नेलं. वही चार दिवसांनी परत आली, गाड्या पुन्हा सुरू झाल्या. पण तो 'तूबी' माझ्या कानात राहिला आणि मला त्याचाच राग आला. माझं चुकलं होतं म्हणून राग. असा राग सगळ्यांत वाईट, कारण तो उतरवायला दुसऱ्याचीच चूक शोधावी लागते.

मधे गाड्या बंद केल्या, जग जरा उघडलं, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा सगळं बंद झालं. सहल पुन्हा रद्द, मेळावा पुन्हा रद्द. आम्ही लाइन पुन्हा चालू केली. त्या खेपेला रोग पुण्यातून निघून गावागावात शिरला होता. दुधाचे टेम्पो बंद पडू नयेत म्हणून मला तहसीलचा पास मिळाला होता. तिघांत फिरायची मुभा फक्त मला होती.

त्याच सुमारास एक दूधवाला सांगत आला की नीरेच्या बाजूला विजेचे खांब उभे राहिलेत, आता डिझेलची गाडी थोड्या दिवसांची सोबती.  शेवटची डिझेल पॅसेंजर आम्ही तिघांनी मिळून बघायची, असं केव्हाचं ठरलेलं. मी फोनवर विषय काढला, तर मास्तर एवढंच म्हणाले, "बघू." बघू! रेल्वेच्या गोष्टीवर हा माणूस 'बघू' म्हणतो? कुठंतरी पाणी मुरतंय, मी मनात म्हटलं.

मग मी लक्ष ठेवायला लागलो. मास्तर लाइन क्लिअर द्यायला उशीर करायचे. विचारलं की दहा-पंधरा सेकंद शांतता, आणि मग आकडा. एका संध्याकाळी त्यांनी मला सत्तेचाळीस हा नंबर दिला आणि तासाभरानं पुन्हा सत्तेचाळीसच दिला. काट मारलेला नंबर पुन्हा! ज्या माणसानं तीन मिनिटांसाठी टेलरला रडवलं, तो! मी वहीत दोन्ही सत्तेचाळीसांवर गोल केला. म्हणजे मास्तर वही उघडतच नव्हते, तोंडाला येईल तो आकडा फेकत होते. त्यांचं मन आमच्या लाइनवर नव्हतं. मग कुठं होतं?

सहाला शेवटची गाडी पोचली की मी कधी मास्तरांना फोन लावायचो, तर लाइन बिझी. टेलरला लावायचो, तर तोही बिझी. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. दोघं एकमेकांशी बोलत होते, मला सोडून. जंक्शन मी, आणि गाड्या मला वगळून चालल्या होत्या. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बोलू देत की. तुमच्या पोटात का दुखतंय?" दुखत होतं. का दुखू नये?

मग भाजीचा टेम्पोवाला आला. गाडी वर घेतली, खाली सरकलो, आणि तो सहज बोलून गेला, "भोंगवलीच्या मास्तरांच्या दाराला टेलरची पिशवी लटकलेली असती बगा." टेलर उरलेल्या चौकडीच्या कापडाच्या पिशव्या शिवतो. सबंध तालुक्यात तशी पिशवी दुसऱ्या कुणाची नसते. मी गाडीखालीच पडून राहिलो. म्हणजे टेलर भोंगवलीला जाऊन येतो! भोरला बांबू, नाक्यानाक्यावर पोलीस, आणि हा जातो! कुणासाठी? कशासाठी? टेम्पोवाल्याला चार प्रश्न विचारले असते तर उत्तर तिथंच मिळालं असतं. पण मला उत्तर नको होतं. मला ते आधीच मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी टेलरनं शेवटचा खिळा ठोकला. गाडीचा नंबर देता देता विचारलं, "मिस्त्री, तुझा पास भोंगवलीपर्यंत चालतो का रे?"

"का?"

"काय न्हाई. सहज."

सहज! ताकाला जाऊन भांडं लपवत होता. भोंगवलीहून नीरा कितीशी लांब? बेत दोघांचा, शेवटचं डिझेल इंजिन दोघं बघणार, आणि मी काय, ड्रायव्हर? पास माझा, टेम्पो माझा, आणि मला आयत्या वेळी सांगणार. तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रात्री जेवण गेलं नाही. 'तूबी' म्हणाला होता ना मला? बघ, मी खरा निघालो. मला संशय येत होता तो उगाच नाही. असं म्हणत मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बरोबर पाच वाजून आठ मिनिटांनी मास्तरांचा फोन आला.

"भोंगवलीची पाच-दहाची पॅसेंजर. लाइन क्लिअर मिळंल का?"

आवाज बारीक होता. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

"न्हाई," मी म्हणालो.

  वर्षभराच्या खेळात कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं.

"कारण?" त्यांनी विचारलं. नियमच होता. नाकारली तर कारण द्यायचं, ते रजिस्टरात जातं.

"कारण तुमाला ठावं हाय."

 मग ते म्हणाले, "बरं. गाडी उभी ठेवतो." आणि फोन बंद झाला.

मला जिंकल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू? एका दुधाच्या टेम्पोचा सेल्फ खोलून बसलो होतो, तो मी शीळ घालत पुसला. पाच मिनिटांनी टेलरचा फोन वाजला. घेतला नाही. पुन्हा वाजला. लागली वाटतं बातमी, म्हटलं. आता बसा दोघं उभ्या गाडीत. मोबाईल उपडा करून बाकावर ठेवला. तो वाजत राहिला, थांबत राहिला, वाजत राहिला. सेल्फ बसवला, टेम्पो चालू करून दिला, हात धुतले.

पावणेसात झाले असतील. बायको मागच्या घरातून दुकानात आली. ती दुकानात कधी येत नाही, धुरानं तिला त्रास होतो. तोंडाला पदर, हातात तिचा फोन.

"टेलरभावजींचा फोन हाय. रडत्यात ते. तुमी उचलंना म्हणून मला लावला. म्हणत्यात, मिस्त्रीला एवढंच सांगा, मास्तरांना आज सासवड रोडच्या फुडं दम पुरला न्हाई. त्याला कळंल म्हणाले. मला काय समजंना बाई."

मला एका क्षणात समजलं. सबंध महाराष्ट्रात हे समजणारी माणसं तीनच होती, आणि मी त्यातला एक होतो.

पास खिशात घातला आणि टेम्पो काढला. टेलर फोनवर सांगत होता, मी चालवत होतो. बारा दिवस मास्तरांना ताप होता. शेजाऱ्यांना कळलं तर घर बंद करतील, उचलून कुठंतरी नेतील, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला सत्तेचाळीस नंबर दोनदा मिळाल्याचं मी बोललो, तेव्हाच टेलर चमकला होता. मी गोल केला. त्यानं फोन केला. आमच्यात फरक असेल तर तो एवढाच. गोळ्या आणि काढ्याची पूड तो पिशवीत घालून भाजीच्या टेम्पोबरोबर पाठवत होता. आणि ऑक्सिजन मोजायचं मशीन कुठून आणायचं, म्हणून रोज सहा वाजता तो मास्तरांना एका दमात स्टेशनं म्हणायला लावायचा. पहिल्या दिवशी नीरा. मग जेजुरी. मग आंबळे. परवा आळंदी. आज गाडी सोडायच्या आधीच त्यांना कसंतरी व्हायला लागलं, म्हणून त्यांनी स्वतःच टेलरला फोन केला आणि तो म्हणाला, म्हणा. पुणं, घोरपडी, सासवड रोड, आणि नुसता घुरघुर आवाज. तरी पाच-आठला त्यांनी गाडीसाठी मला फोन केलाच होता.

"मला का न्हाई सांगितलं?" मी ओरडलो. "बारा दिवस! मला का न्हाई?"

"मास्तरांनी शपथ घातली. म्हणाले, मिस्त्रीला कळलं तर तसाच टेम्पो काढून यील, मला उचलंल, अन् घरी जाऊन बायकोला रोग दील. तिला दमा हाय. त्याला सांगू नको. म्या आज सकाळी म्हणालो, आता सांगू द्या. तर म्हणाले, एक दिस बघू."

 नाक्यावर पास उलटाच पुढं केला, आणि हवालदारानं माझ्याकडं बघितलं, ते मात्र खऱ्या संशयानं.

मास्तर ओट्यावर खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, जो ते फक्त गाड्यांच्या वेळेला घालायचे. मांडीवर रजिस्टर, रजिस्टरावर मोबाईल. ओठ निळसर. मला बघून त्यांनी हात वर केला, लांबच राहा म्हणून. मी ऐकलं नाही. गोधडीत गुंडाळून टेम्पोच्या हौद्यात बसवलं, वाऱ्याला. "मास्तर, चुकलं माझं," मी म्हणालो. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बोलायला दम लागतो, आणि तो त्यांना पुरवून वापरायचा होता. भोरला दवाखान्यात जागा मिळाली नाही. हायवेच्या एका सेंटरवर मिळाली, तेव्हा अंधार पडला होता.

पाचव्या दिवशी ते गेले. मी तिथल्या डॉक्टरना विचारलं, दीड तास आधी आणलं असतं तर? पोरसवदा डॉक्टर, डोळे लाल, अंगावर तो प्लॅस्टिकचा झगा. म्हणाले, "असं सांगता येत नाही हो." मी त्यांच्याकडं बघत राहिलो. गाडी का बंद पडली हे ठाऊक असतं आणि गिऱ्हाईकाला वाईट वाटेल म्हणून सांगायचं नसतं, तेव्हा मीही असंच बोलतो. की खरंच सांगता येत नव्हतं? आजही त्या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही, आणि बसावा असं फार वाटतं.

बायकोला काही झालं नाही. मी चौदा दिवस दुकानाच्या माळ्यावर झोपलो. खालून ती हाक मारून विचारायची, "दम पुरतोय का?" आणि मी वरून स्टेशनं म्हणून दाखवायचो.

पावसाळा सरता सरता टेलर दुकानात आला. भोरचे बांबू निघाले होते, एसटी सुरू झाली होती. खांद्याला ती चौकडीची पिशवी. मास्तरांच्या मुलीनं घर आवरलं आणि रजिस्टरं त्याच्याकडं दिली होती. आम्ही दीड वर्षानं समोरासमोर बसलो. त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही, फोन का उचलला नाहीस म्हणून. विचारलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

त्यानं शेवटचं रजिस्टर काढून शेवटचं पान उघडलं आणि माझ्यापुढं सरकवलं. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं असायचं, त्या पानावर ते ओळ सोडून खाली उतरलं होतं. पाच-दहाची पॅसेंजर. मागणी पाच-आठ. लाइन क्लिअर नाकारली. स्टेशन कापूरहोळ. आणि शेवटच्या रकान्यात, कारण: 'कापूरहोळला रुळाचे काम चालू.'

मी तीनदा वाचलं. मी असं काही म्हणालो नव्हतो. मी म्हणालो होतो, कारण तुमाला ठावं हाय. मास्तरांना कारण ठाऊक नव्हतं, पण मला राग आलाय हे त्यांना कळलं होतं. छातीत दम नसताना त्यांनी पेन उचलून माझ्यासाठी एक सबब शोधली आणि ती रजिस्टरात लिहिली. तीन मिनिटांच्या खोट्यासाठी सगळ्या गाड्या रद्द करणाऱ्या माणसानं.

"खोटं हाय हे," मी म्हणालो.  "साफ खोटं हाय." खिशातला पेन काढला. ती ओळ कापायची आणि खाली खरं कारण लिहायचं, एवढंच डोक्यात होतं. मिस्त्रीचा संशय, असं लिहिणार होतो.

टेलरनं माझं मनगट धरलं.

"रजिस्टरात खाडाखोड चालत न्हाई," तो म्हणाला. "इसरलास व्हय?"

त्यानं पेन माझ्या हातातून काढून घेतला, वही मिटली आणि पिशवीत ठेवली.